क्षितिज हरवल्यानंतर

विमानविद्येचा इतिहास बहुधा पराक्रमाच्या अंगाने लिहिला जातो. १९०३ सालचे राइट बंधूंचे उड्डाण, १९२७ साली लिंडबर्गने एकट्याने ओलांडलेला अटलांटिक महासागर, १९२९ साली हिंदुस्थानातील पहिला वैमानिकाचा परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. याच विद्येचा दुसरा एक इतिहास सरकारी चौकशी-अहवालांत पडून आहे. तो रुक्ष आहे; परंतु टिपणे, अहवाल आणि शेरे वाचण्यात ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, त्या आमच्या वाचकांना तो परका वाटू नये. त्यातील एकच प्रकरण आम्ही येथे उघडणार आहो : लहान विमाने, नवखे वैमानिक आणि त्यांच्या डोळ्यांपुढून नाहीसे होणारे क्षितिज.

मनुष्याला आपला तोल कळतो तो मुख्यतः डोळ्यांनी, आणि काही अंशी कानाच्या आतील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवामुळे. आपण वळू लागलो की हा द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळणाची वर्दी मिळते. परंतु वळण संथ असून तसेच चालू राहिले, तर थोड्याच वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि वर्दी बंद पडते. विमान एका अंगावर कललेले असते, आणि आत बसलेल्याला मात्र आपण सरळ चाललो आहोत अशी खात्री वाटते. त्याने विमान खरोखरच सरळ केले, तर ते उलट बाजूस वळत असल्याचा भास होतो. जमीन दिसत असेपर्यंत डोळे हा भ्रम दुरुस्त करतात. ढग, धुके किंवा काळोख यांनी क्षितिज गिळले की दुरुस्त करणारा कोणी उरत नाही.

हे ज्ञान फार जुने नाही. प्रारंभीच्या काळात कसलेल्या वैमानिकाला दिशेची व तोलाची उपजत जाण असते असा समज होता. १९२६ साली अमेरिकन सैन्यातील विल्यम ऑकर या अनुभवी वैमानिकाला सान फ्रान्सिस्को येथे वैद्यकीय तपासणीसाठी फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसविण्यात आले, तेव्हा आपण कोणत्या बाजूला फिरत आहो हे त्याला अचूक सांगता येईना. त्यावरून ऑकरने निष्कर्ष काढला की ढगात शिरल्यावर शरीराची साक्ष ग्राह्य धरता कामा नये; साक्ष यंत्राचीच मानली पाहिजे. पुढे २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल याने न्यू यॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर, चारी बाजूंनी झाकलेल्या आसनात बसून केवळ यंत्रांच्या आधाराने विमान वर नेले, फिरविले आणि उतरविले. या प्रयोगात कृत्रिम क्षितिज दाखविणारे यंत्र त्याच्यापुढे होते. साधन सिद्ध झाले. परंतु साधनावर विश्वास ठेवण्याची सवय प्रत्येक वैमानिकाला नव्याने लावून घ्यावी लागते, आणि ती वाचून येत नाही.

ही सवय नसेल तर किती वेळ मिळतो? १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने त्याचा छडा लावला. यंत्रांच्या आधारे उडण्याचे शिक्षण न मिळालेल्या २० जणांना एकेक करून ‘बीचक्राफ्ट बोनान्झा’ जातीच्या विमानात बसविण्यात आले आणि बाहेरचे दृश्य त्यांच्यापासून झाकण्यात आले. शेजारी शिक्षक होता, म्हणून कोणाच्या जिवाला धोका पोचला नाही. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. एकोणीस जणांचे विमान अधिकाधिक घट्ट होत जाणाऱ्या गिरकीत सापडून खाली झेपावू लागले. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी काळ निघाला १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. थोडक्या शिक्षणानंतर याच मंडळींना विमान सांभाळून मागे फिरविणे साधू लागले, ही या प्रयोगाची दुसरी आणि अधिक मोलाची बाजू होय.

पाच वर्षांनी हेच प्रकरण एका थंडीच्या रात्री शिक्षकावाचून घडले. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास आयोवा राज्यातील मेसन सिटीच्या विमानतळावरून एका बोनान्झाने उड्डाण केले. आत बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे लोकप्रिय गायक होते. गावोगावी कार्यक्रम करीत बसमधून कडाक्याच्या थंडीत चाललेल्या दौऱ्याला कंटाळून त्यांनी फार्गोपर्यंत हे विमान भाड्याने घेतले होते. वैमानिक २१ वर्षांचा होता. विमानाच्या मालकाने विमानतळावरून पाहिले, तो शेपटीचा दिवा दूर जाता जाता हळूहळू खाली उतरत गेलेला दिसला. सकाळी सहा मैलांच्या आत, एका शेतात, विमानाचे अवशेष सापडले. चौघांपैकी कोणीही वाचले नव्हते. इंजिनात वा यंत्रणेत बिघाड झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाने प्रसिद्ध केलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. हा तरुण अडाणी नव्हता. त्याच्या नावावर ७११ तासांचे उड्डाण होते, व्यावसायिक परवाना होता, यंत्राधारित उड्डाणाचे ५२ तासांचे शिक्षणही झाले होते. परंतु त्या विषयाच्या प्रत्यक्ष परीक्षेत तो आदल्या वर्षी अनुत्तीर्ण झाला होता. शिवाय या विमानातील तोलदर्शक यंत्र निराळ्या जातीचे होते. नाक वर की खाली हे ते नेहमीच्या यंत्राच्या नेमके उलट दाखवी. आपण चढत आहो असे समजून तो उतरत राहिला असावा, असा मंडळाचा तर्क आहे. अपघाताचे मुख्य कारण म्हणून अहवालाने त्याच्या अविचारी निर्णयावर बोट ठेवले. पण तेथे तो थांबला नाही. वाटेवरच्या बिघडत्या हवामानाच्या दोन तातडीच्या सूचना आलेल्या असूनही वैमानिकाला सांगितल्या गेल्या नव्हत्या, हे दूषणही त्याने स्पष्ट नोंदविले.

आम्हांला हे वाक्य अहवालातील सर्वांत गंभीर वाक्य वाटते. माहिती वेळेवर आली होती. ज्याच्या जिवाशी तिचा संबंध होता त्याच्यापर्यंत ती गेली नाही. मेजावर आलेला कागद पुढे न सरकल्याने काय होते, याचे याहून कठोर उदाहरण आमच्या पेशातील माणसाला क्वचितच मिळेल. नवख्याची उणीव ही एकट्या नवख्याची नसते. त्याच्याहून अधिक ज्यांना माहीत असते, त्यांचाही तीत वाटा असतो.

पुढे अमेरिकेत खाजगी वैमानिकाच्या शिक्षणात यंत्रांवर उडण्याचा थोडा सराव आवश्यक ठरला. तरीही १६ जुलै १९९९ रोजी, अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र, ३८ वर्षांचे जॉन केनेडी, पत्नी व मेहुणी यांना घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले, ते पोचले नाहीत. खाली समुद्र, भोवती काळोख आणि विरळ धुके. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघ दिसेनाशी झालेली. त्यांचा एकूण अनुभव सुमारे ३१० तासांचा होता, आणि त्या विमानावरचा अवघा ३६ तासांचा. एका शिक्षकाने बरोबर येण्याची तयारी दाखविली होती. परंतु त्यांना ते उड्डाण एकट्याने करावयाचे होते. विमानात स्वयंचलित चालकही होता. चौकशीत निष्कर्ष निघाला तो जुनाच : दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा सुटला.

पॉल क्रेग या लेखकाने २००१ साली असे प्रतिपादन केले की ५० ते ३५० तासांचा टप्पा वैमानिकाला सर्वाधिक घातक असतो. केनेडींचे तास या मर्यादेत बसतात. आयोवातील तरुणाचे ७११ तास बसत नाहीत. तेव्हा आकड्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. अगदी नवशिका भीतीने जपून वागतो आणि मुरलेला माणूस धोका दुरून ओळखतो. मधल्या अवस्थेत हात सफाईने चालू लागलेले असतात, परंतु ज्या प्रसंगी ती सफाई निरुपयोगी ठरते तो प्रसंगच अद्याप गाठ पडलेला नसतो. स्वच्छ दिवसाचे सातशे तास ढगातल्या तीन मिनिटांची तयारी करून देत नाहीत.

अशा प्रसंगी विमानाबाहेर असलेल्या माणसांचे कर्तव्य सोपे असते, आणि तरीही ते टळते. ज्याला हवामान माहीत आहे त्याने ते सांगावे; ज्याला शिकाऊ माणसाची मर्यादा माहीत आहे त्याने ‘आज राहू द्या’ म्हणण्याचा अप्रियपणा पत्करावा; आणि प्रवाशाने, तो कितीही मोठा असला तरी, आपली घाई वैमानिकाच्या माथी मारू नये. दौऱ्याची बस त्या रात्रीही होती. ती थंड होती, एवढीच तिच्याविषयीची तक्रार होती.