शेणाआधीचा गोबरगॅस

मुंबईत वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली ते उभे राहिले तेव्हा माटुंग्याचा महारोग्यांचा आश्रम म्हणून ओळखले जाई. रस्त्यावर पडून राहणाऱ्या बेघर रुग्णांना तिथे आणून ठेवले जाई. ज्यांच्या नावाने ते आज ओळखले जाते ते हॅरी ॲकवर्थ त्या वेळी मुंबईचे पालिका आयुक्त होते. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली ते ग्रंथरूपात आणणारे ॲकवर्थ ते हेच.

या आश्रमाच्या आवारात १८९७ साली एक प्रयोग झाला. आश्रमाचा मैला ज्या टाक्यांमध्ये साठे, त्या झाकून त्यांतून सुटणारा वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली. त्या वायूवर दिवे लागले आणि पुढे इंजिनही चालले. पालिकेच्या ड्रेनेज खात्यातले अभियंते सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडील शहरांच्या मैलापाण्यावर जे लेखन केले, त्यात माटुंग्याच्या या कामाला जागा आहे. भारतात सेंद्रिय वायूचा हेतुपुरस्सर वापर झाल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते.

म्हणजे ज्याला आपण गोबरगॅस म्हणतो, त्याची आपल्याकडची सुरुवात गोठ्यात झालेली नाही. ती झाली संडासात, आणि तोही समाजाने दूर लोटलेल्या माणसांचा संडास. मग या वायूला गाईचे नाव कसे मिळाले, आणि त्या नावाने काय साधले व काय हातचे गेले, हा या लेखाचा विषय आहे.

दलदलीतले बुडबुडे

यामागचे शास्त्र तसे साधे आहे. हवा पोचत नाही अशा जागी सेंद्रिय पदार्थ कुजू लागला की जिवाणूंच्या टोळ्या पाळीपाळीने त्याच्यावर काम करतात. पहिली टोळी मोठे रेणू फोडते, दुसरी त्यांची आम्ले बनवते आणि शेवटची त्या आम्लांपासून मिथेन तयार करते. बाहेर पडणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक भाग कर्बवायू, आणि सडक्या अंड्याचा वास देणारा थोडा हायड्रोजन सल्फाइड. जळतो तो मिथेन.

हा वायू माणसाला फार पूर्वीपासून दिसत होता. इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलात काठी ढवळून वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे दाखवले. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ साली बंदिस्त सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्यातल्या वायूवर दिवे लावले. माटुंग्याचा प्रयोग त्यानंतर दोनच वर्षांनी झाला. लांबचे अंतर आणि त्या काळचे दळणवळण पाहता ही मजल लहान नव्हे. तरी एक्झिटरपासून माटुंग्यापर्यंत दोन वर्षांत आलेली ही कल्पना माटुंग्यापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापर्यंत जायला अर्धे शतक लागले, आणि तोवर तिने रूप बदलले होते.

गाय आली

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस शेणावर प्रयोग केले. त्यांच्यापुढचा प्रश्न शेतीचा होता. खेड्यात शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या जातात. त्या जळाल्या की चूल पेटते, पण शेताचे खत राखेत जाते. शेण शेतात घालावे तर चुलीला काय लावायचे? बंद टाकीत शेण कुजवले तर वायू चुलीला मिळतो आणि नत्र मागे उरलेल्या मळीत टिकून राहते. एकाच शेणाने दोन्ही कामे होतात.

या विचाराला घरगुती रूप दिले ते जशभाई पटेल यांनी. पन्नासच्या दशकात त्यांनी बनवलेल्या संयंत्राचे नाव 'ग्रामलक्ष्मी'. जमिनीत विटांची विहीर, तिच्यात पाण्यात कालवलेले शेण, आणि त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. वायू साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. आज गॅस किती आहे हे बघायला काटा लागत नाही, टाकीकडे एक नजर टाकली की पुरे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने हा नमुना हाती घेतला आणि तो देशभर गेला. आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांच्या परड्यात अजून दिसणारी गंजकी, वर-खाली होणारी टाकी ती हीच.

'गोबरगॅस' हे हिंदी वळणाचे नाव मराठीत याच वाटेने रुळले. त्याची किमया अशी की स्वयंपाकघराचे दार त्याला लगेच उघडले. शेण आपल्याला परके नव्हतेच. अंगण सारवायला शेण, देवघरापुढची जमीन सारवायला शेण, वसुबारसेला गाईची पूजा. त्या शेणाच्या वायूवर नैवेद्याचा भात शिजायला कोणाचीच हरकत नव्हती. माटुंग्याच्या टाकीतला वायू रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी हाच, पण त्यावर शिजलेला भात किती घरांत चालला असता?

रत्नागिरीचा तुरुंग ते देहू

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर अंगावर घेतला ते अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी सफाईचे काम मागितले. तुरुंगाच्या नियमानुसार ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांनीच करायचे होते. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अप्पांनी अन्न कमी केले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात उपवास सुरू केला, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. घाण उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण, ही गोष्ट आजही वाचताना थांबायला लावते.

पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. मैला वाहून नेणारा माणूसच नको असेल, तर ज्याचा मैला वाहावा लागणार नाही असा संडास हवा. त्यांचा 'गोपुरी संडास' या विचारातून आला. मैला मातीने झाकून जागच्या जागी कुजू द्यायचा आणि त्याचे खत करायचे. या खताला मराठीत आधीपासून एक शब्द आहे: सोनखत. भाषेने ज्याला सोने म्हटले, त्याला हात लावणाऱ्याला समाजाने गावाबाहेर ठेवले. ही विसंगती अप्पांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी होती.

त्यांच्या वाटेने गेलेले एक डॉक्टर म्हणजे सुहास मापुसकर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते देहूच्या आरोग्य केंद्रात आले. तुकोबांच्या गावात पोटाच्या विकारांचे रुग्ण पुन्हा पुन्हा येत. औषध देऊन पाठवलेला माणूस काही दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येई. कारण उघड्यावरच्या हागणदारीत होते. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर संडास सांगायला सुरुवात केली, आणि संडासाचा मैला थेट बंद घुमटात नेऊन त्याचा वायू करणारे संयंत्र विकसित केले. त्याचे नाव 'मलप्रभा'. मळापासून उजेड. घुमटातून मळी बाहेर येते ती दीर्घकाळ कुजल्यावर, त्यामुळे रोगजंतूंचे प्रमाण खूप कमी झालेले असते, आणि कोणालाही मैला हाताळावा लागत नाही. माटुंग्याच्या टाकीशी तुटलेला धागा देहूत पुन्हा जोडला गेला. मापुसकरांनी आपल्या संस्थेला अप्पा पटवर्धनांचेच नाव दिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

किती गुरे लागतात?

गोबरगॅसच्या नावाने दुसरी एक गोष्ट झाकून टाकली. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर वायू मिळतो. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला रोज दोन घनमीटर वायू धरला, तर रोजचे ५० किलो शेण हवे. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे, तेवढेच पाणी, आणि खड्ड्याला जागा. खेड्यात हे सगळे कोणाकडे असते? जमीनदाराकडे, बागायतदाराकडे. शेतमजुराची बायको रस्त्यावरचे, माळावरचे शेण गोळा करून गोवऱ्या थापत होती. शेणाला टाकीत भाव आला की ते शेण फुकट राहत नाही. हा आक्षेप १९७० आणि १९८०च्या दशकांत अभ्यासकांनी घेतला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

त्याच काळात १९७३च्या तेलसंकटाने सरकारचे लक्ष या टाकीकडे वळले. लोखंडी टाकी महाग होती, गंजत होती, दरसाल रंगवावी लागत होती. उत्तर प्रदेशात १९७८च्या सुमारास चिनी घुमटाच्या धर्तीवर 'जनता' नमुना आला. त्यात लोखंड नाही, सगळे विटा-सिमेंटचे. १९८४ साली 'अफ्प्रो' या संस्थेने आणखी कमी विटांत बसणारा 'दीनबंधू' आणला. १९८१-८२पासून राष्ट्रीय प्रकल्पातून अनुदान मिळू लागले. नावे बघा: ग्रामलक्ष्मी, जनता, दीनबंधू. प्रत्येक नावात गरीब घराचे आश्वासन आहे. खर्च खरोखर कमी होत गेला, पण चार-पाच गुरांची अट कोणत्याही घुमटाने उठवली नाही.

आणि काम? चुलीचा धूर गेला, काळी भांडी घासणे वाचले, हे ज्यांच्या घरी संयंत्र नीट चालले त्या बायका आवर्जून सांगत. पण सकाळी उठून शेण-पाण्याचा काला करायचा, त्यातले काडीकचरा वेचायचे, पाण्याच्या जादा खेपा घालायच्या, हेही त्यांच्याच वाट्याला आले. पुढे सिलिंडर दारात येऊ लागला तेव्हा कित्येक टाक्या बंद पडल्या. त्याचे कारण तंत्र फसले हेच नेहमी नव्हते. रोजचा काला कोणी करायचा, हा प्रश्न त्या घरांत सुटला नव्हता.

जिवाणूंचे जेवण

गुरांची अट उठवणारा विचार पुण्यातून आला. 'आरती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचे डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. इरावतीबाईंचे चिरंजीव, धोंडो केशवांचे नातू. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. मिथेन बनवणारे जिवाणू गुराच्या पोटातच असतात. गूर जे खाते त्यातला सत्त्वांश आधीच काढून घेतलेला असतो, शेण म्हणजे उरलेला चोथा. मग जिवाणूंना चोथा का घालायचा? त्यांना पिष्ट आणि साखर असलेले अन्नच का घालू नये?

उत्तर होते खरकटे अन्न, शिळा भात, किडके धान्य, सडकी फळे. शेण लागते ते विरजणापुरते, सुरुवातीला एकदा. पुढे रोज एक-दोन किलो खरकट्यावर टाकी चालते, आणि दिवसाभरात वायू हाती येतो, तर शेणाला कुजायला कित्येक आठवडे लागतात. संयंत्रही साधे: पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एक उलटी दुसरीच्या आत. ग्रामलक्ष्मीचीच वर-खाली होणारी टाकी, पण गच्चीवर मावणारी. २००६ साली या कामाला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गोठा नसलेल्या शहरी घराला हा वायू पहिल्यांदाच परवडू लागला. तरी गच्चीगच्चीवर अशा टाक्या दिसत नाहीत. सोसायटीच्या सभेत विषय निघाला की पहिली हरकत वासाची येते, आणि दुसरी तीच जुनी: खरकटे रोज वर नेऊन घालायचे कोणी?

झाकण कोण उघडते?

माटुंग्याच्या टाकीत जे वायू कोंडून कामाला लावले, तेच वायू शहरांच्या गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत आजही तयार होतात. तिथे त्यांना वाट काढून दिलेली नसते. हायड्रोजन सल्फाइड माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो, मिथेन प्राणवायूची जागा घेतो. हाताने मैला साफ करून घेण्याला १९९३च्या आणि पुन्हा २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरी टाकीत उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ती माणसे बहुतांशी कोणत्या जातींतली असतात, हे रत्नागिरीच्या तुरुंगाच्या नियमाने १९३२ सालीच सांगून ठेवले होते.

गेल्या सव्वाशे वर्षांत टाकीची रचना सुधारत गेली. विटा कमी झाल्या, लोखंड गेले, प्लॅस्टिक आले. आता सरकारी योजनांत शेण, शहराचा ओला कचरा आणि मैलापाणी यांपासून वाहनाचे इंधन करण्याची भाषा आहे, आणि ती योग्यच आहे. अशा प्रत्येक नव्या संयंत्राचा आराखडा समोर आला की वायू किती निघेल हे आपण विचारतो. मैल्याला कोणाचा हात लागणार आहे, हा अप्पांचा प्रश्नही त्याच कागदावर लिहिलेला असायला हवा.