सागरगड : समुद्री किल्ल्यांच्या पाठीमागचा डोंगर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर.

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या बऱ्याच जणांचा एकच मेसेज असतो : "दादा, अलिबागला चाललोय, एखादा ट्रेक सांग. फार अवघड नको, आणि सगळा ट्रेक गेलो त्याच वाटेनं परत नको." तर आज सागरगड. पण ट्रेकचा प्लॅन करताना एक प्रश्न सोबत ठेवा. अलिबागच्या समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे, थळसमोर खांदेरी-उंदेरी आहेत. एवढे जलदुर्ग असताना पाठीमागच्या डोंगरावर किल्ला कशाला?

आधी चढाचं बोलू. पेण-अलिबाग रस्त्यावर, अलिबागच्या अलीकडे खंडाळे गाव लागतं. हे लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे, मॅपवर नीट बघा. इथून वाट निघते, धोंडाण्याचा धबधबा बाजूला दिसतो, मग सिद्धेश्वराचं देऊळ, पुढे सागरगड माचीची वस्ती आणि त्यानंतर किल्ला. उंची साधारण चारशे मीटर. आमचं अंथुर्णे पाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे सागरगडाचा माथा आपल्या उसाच्या फडापेक्षाही खाली! पण हसू नका. पुण्याकडचे ट्रेक घाटमाथ्यावरून सुरू होतात, इथे पायथाच जवळपास समुद्रसपाटीला आहे. त्यामुळे चारशेच्या चारशे मीटर पायांनी मोजावे लागतात, तेही कोकणातल्या दमट हवेत. पालखीबरोबर सणसरपासून इंदापूरपर्यंत चाललेल्या माणसालाही हा घाम नवा वाटेल. माणशी तीन लिटर पाणी घ्याच.

गोल फेरी माथ्यावरची आहे. माचीपर्यंतची वाट जाता-येता एकच, पुढे किल्ल्याच्या कडेकडेनं फिरत वानरटोकाच्या सुळक्यासमोर जायचं आणि दुसऱ्या बाजूनं माचीवर परतायचं. कडेला घसारा आहे, सेल्फीसाठी मागे मागे सरकू नका. आणि कोड लिहिणाऱ्यांना माहीत असतं, लूप लिहिताना बाहेर पडायची अट आधी लिहायची. इथे ती अट म्हणजे घड्याळ : अकरा वाजले की जिथे असाल तिथून माचीकडे वळायचं.

आता तो प्रश्न. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून पश्चिमेला अलिबागचा किनारा आणि समुद्रातले किल्ले नकाशासारखे दिसतात. 1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचं ठाणं नको म्हणून इंग्रजांनी आरमार पाठवलं, जंजिऱ्याचा सिद्दीही आला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट सोडलं नाही. शेवटी 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली, सिद्दीनं मात्र शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. त्याच वर्षी कुलाब्याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं.

कुलाब्याची गंमत अशी की तो पूर्णवेळ जलदुर्ग नाहीच. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र आपला पहारा सोडतो. हे शत्रूलाही कळत होतं. 1721 च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कान्होजी आंग्र्यांवर चालून आले, ते नुसते जहाजांतून नाही, तर चौलकडून जमिनीवरून पायदळ घेऊन. साताऱ्याहून मदत आली, खुद्द बाजीराव आले. हल्ला फसला आणि जानेवारी 1722 मध्ये पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं. इंग्रज एकटे पडले.

ही लढाई फक्त समुद्राकडे तोंड करून वाचली तर अर्धीच समजते. कुलाब्याचा कच्चा भाग पाठीमागचा होता, आणि त्या पाठीवर नजर ठेवणारी जागा म्हणजे हा डोंगर. म्हणूनच तो प्रत्येक सौद्यात दिसतो. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत सागरगड आहे. पुढे बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी यांचा समझोता झाला, त्यात कान्होजींकडे राहिलेल्या ठिकाणांतही तो आहे. गाजलेली लढाई त्याच्या नावावर नसेल, पण ज्याला किनारा हवा त्याला हा डोंगर लागायचाच.

2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. त्यात खांदेरी आहे, कुलाबा आणि सागरगड नाहीत. खांदेरीचा मान योग्यच आहे. पण हे किल्ले एकमेकांच्या भरवशावर उभे होते. सुटा सुटा किल्ला पाहून ते कळत नाही, सागरगडावरून एका नजरेत कळतं. म्हणून माझा आग्रह असा की डोंगर आणि कुलाबा दोन्ही एकाच दिवशी करा.

त्यासाठी तिथी बघावी लागेल. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्रयोदशीला तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. भरती पावणेदहाला, तर ओहोटी सहा तासांनी, चारच्या सुमारास. सकाळी साडेसहाला खंडाळ्यातून चढायला लागा, एकपर्यंत खाली, मग जेवण, तीनला कुलाब्याकडे चालत आणि पाचच्या आत किनाऱ्यावर परत. हिशोब अंदाजाचा आहे, आदल्या दिवशी अलिबागच्या किनाऱ्यावर कोळीदादांना वेळ विचारून घ्या.

अंथुर्ण्याहून अलिबाग अडीचशे किलोमीटरच्या वर पडतं, तेव्हा आदल्या दुपारीच निघा आणि मुक्काम अलिबागला करा. जुलै-ऑगस्ट टाळा, तेव्हा वाटेवरचा दगड निसरडा असतो. येत्या मार्गशीर्षातली त्रयोदशी कोणत्या वारी येते ते कॅलेंडरवर बघा. रविवार नसला तर सुट्टीचा अर्ज आत्ताच टाका.