वसईचा प्राप्तिकरविरोध आणि आजचा व्यवसाय कर

वसईचा किल्ला, चिमाजी आप्पा आणि 1739 चा विजय यांची हकीकत आपल्या ज्ञातीतील लहान मुलांनाही मुखोद्गत असते. परंतु याच भूमीत 1860 साली कराच्या प्रश्नावरून लोकक्षोभ उसळला होता, याचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. व्यवसाय कराची कमाल मर्यादा वाढविण्याची शिफारस झालेली असताना हा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडणे अगत्याचे वाटते.

1857 च्या उठावाच्या खर्चाने हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता झाला. तो भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी फेब्रुवारी 1860 मध्ये प्राप्तिकराची योजना मांडली व जुलैमध्ये तिचा कायदा झाला. वार्षिक 200 ते 500 रुपये उत्पन्नावर शेकडा दोन आणि त्यावरील उत्पन्नावर शेकडा चार असा दर होता. हा संपन्नांवरील कर म्हणविला जाई; पण दरमहा सतरा रुपये मिळविणारा कारकूनही त्याच्या कक्षेत येत होता.

वसईला त्या वेळी आगगाडीही आली नव्हती. वालीव हे शेतीवर जगणारे खेडे होते. अशा मुलखात सरकारी नमुन्यांवर आपली मिळकत लिहून देण्याचा हुकूम आला. रकमेपेक्षाही परक्या अधिकाऱ्यापुढे घरचा हिशेब उघडा करणे लोकांना अधिक जाचक वाटले असल्यास नवल नाही. डिसेंबर 1860 मध्ये वसईत मोठा जमाव जमला व प्रकरण दंग्यावर गेले. सुरतेच्या व्यापाऱ्यांनीही त्याच सुमारास विरोध केला.

दंग्याने कर मात्र हटला नाही. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराविरुद्ध आपले मत उघडपणे प्रसिद्ध केले, म्हणून त्यांना 1860 मध्येच परत बोलाविण्यात आले. पुढे तेच गृहस्थ हिंदुस्थानचे अर्थमंत्री होऊन आले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1865 साली, हा कर संपुष्टात आला. तत्पूर्वी 1862 मध्ये करमुक्त उत्पन्नाची मर्यादा 200 वरून 500 रुपयांवर नेण्यात आली होती. 1886 च्या कायद्याने कर कायमचा आला, तेव्हाही 500 रुपयांखालील उत्पन्न व शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले. कर कोठून लागू व्हावा, ही रेषाच वादाचे मर्म होती, हे यावरून स्पष्ट होते.

आता आजच्या व्यवसाय कराकडे वळू. महाराष्ट्रात तो 1975 साली रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला. हेतू उदात्त होता, यात संशय नाही. संविधानाच्या 276 व्या अनुच्छेदातील वार्षिक 250 रुपयांची मर्यादा 1988 मध्ये 2,500 झाली. पंधराव्या वित्त आयोगाने ती 18,000 करण्याची शिफारस केली आहे. आपल्या राज्यात मासिक वेतन 10,000 रुपयांवर गेले की पुरुष कामगाराला वर्षाला 2,500 रुपये द्यावे लागतात. स्त्रियांसाठी ही रेषा 2023 पासून 25,000 आहे. अर्थात वालीवच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभा राहणारा कामगार आणि त्याच कारखान्याचा मालक आज सारखाच व्यवसाय कर भरतात.

सबब ही रेषा जागची न हलविता होणाऱ्या प्रत्येक वाढीला आपल्या समाजाने ठाम विरोध करावा. कारण अधिक मिळविणाऱ्यांच्या नावाने येणारा भार अल्प वेतनाच्या कुटुंबांवर पडेल. रेषा वर गेली, तर आपल्यातील सधनांनी आपला वाटा कुरकुर न करता द्यावा. हा विरोध लेखी निवेदनाने, आकड्यांच्या आधारे आणि वेळीच व्हावा. त्यासाठी प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या वेतनपत्रकातील व्यवसाय कराची ओळ एकदा वाचून पाहावी, एवढीच नम्र विनंती.