पाण्याची बंदी

चांगलं पोहता येणारं मूल तलावात मधेच हातपाय मारायचं थांबून तळाशी गेलं, की लोक म्हणत आले : दम लागला असेल, पेटका आला असेल. नोंद व्हायची ती ‘बुडून मृत्यू’ अशीच. अशा काही मृत्यूंचं कारण पाण्यात नसून आईवडिलांकडून आलेल्या हृदयदोषात होतं, हे उमगायला विसावं शतक सरत आलं. 1957 साली येर्वेल आणि लांगे-निल्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. सहापैकी चार भावंडं जन्मतः बहिरी होती, त्यांना वारंवार झटक्यासारखी घेरी यायची आणि त्यातली तिघं अचानक दगावली. ईसीजीवर क्यू आणि टी या खुणांमधलं अंतर वाजवीपेक्षा लांबलेलं होतं. पुढे 1963-64मध्ये रोमानो आणि वॉर्ड यांनी ऐकू येणाऱ्या मुलांतही हाच दोष दाखवला. ‘लाँग क्यूटी’ नावाच्या या दोषात ठोका पडून गेल्यावर हृदयाच्या पेशी पूर्ववत व्हायला उशीर करतात, त्या अवधीत चुकार ठोका पडला तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. यातल्या पहिल्या प्रकाराचं जनुक 1996मध्ये सापडलं. त्यात पोटॅशियम पेशीबाहेर सोडणारी वाहिनी अधू असते. जोराच्या श्रमात ठोके वाढतात तेव्हा हे अंतर आखडावं लागतं आणि नेमकं तेच या वाहिनीला जमत नाही. पोहताना त्यात आणखी भर पडते, कारण चेहरा पाण्यात जाऊन श्वास रोखला की शरीर हृदयाला मंद व्हायला सांगतं आणि त्याच वेळी श्रम त्याला पळवत असतात.

धोका खरा होता, पण तो मोजला कसा गेला हे पाहायला हवं. 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुक माहीत असलेले 670 रुग्ण होते. पोहताना आलेले जवळपास सगळे झटके पहिल्या प्रकारच्या रुग्णांना आले होते, असं त्यात दिसलं. निष्कर्ष पक्का होता. मात्र हे 670 जण आधीच लक्षणं दिसलेले होते. तोच दोष घेऊन वर्षानुवर्षं निर्धोक पोहणारे त्या मोजणीत येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही 2005च्या अमेरिकी शिफारशींनी, केवळ जनुकात दोष आहे, लक्षण नाही आणि ईसीजीही सरळ आहे, अशा पहिल्या प्रकारच्या माणसालाही स्पर्धेत पोहू नये असं सांगितलं. माझं म्हणणं असं, की ही बंदी पुराव्यापेक्षा दोन पावलं पुढे गेली होती. पडलेल्यांकडे पाहून न पडलेल्यांचा निवाडा झाला होता.

ही उणीव भरून काढली ती मेयो क्लिनिकच्या मायकेल अ‍ॅकरमन यांनी, आणि पोहणं हे या जनुकाचं खास निमित्त आहे असं 1999च्या लेखात मांडणाऱ्यांपैकी ते एक होते, हे मला फार मोलाचं वाटतं. 2012मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने, निदान झाल्यावरही खेळत राहिलेल्या 130 खेळाडूंचा हिशेब मांडला : उपचार चालू, धोका समजावून दिलेला, विजेचा धक्का देऊन ठोका ताळ्यावर आणणारा डिफिब्रिलेटर हाताशी. खेळताना त्रास झाला तो एकालाच, आणि मृत्यू एकही नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ते 130 जण काही सगळे जलतरणपटू नव्हते. मैदानावर घेरी आलेला खाली पडतो, पाण्यात आलेला बुडतो. ठोका आपोआप ताळ्यावर आला तरी तोवर फुप्फुसात पाणी गेलेलं असतं. हा आक्षेप बिनतोड आहे. पण त्यातून निघतं ते इतकंच, की काठावरची तयारी कडक हवी : हृदयाची धाव आवरणारी बीटा ब्लॉकरची गोळी एकही दिवस चुकता कामा नये, एकट्याने कधीच पाण्यात उतरू नये, नजर ठेवणाऱ्याला काय घडू शकतं याची आधीच कल्पना असावी. 2015च्या अमेरिकी शिफारशींनी हीच दिशा धरली. उपचाराखाली किमान तीन महिने लक्षणमुक्त असलेल्यांना स्पर्धेची वाट खुली झाली आणि पाण्याची बंदी पहिल्या प्रकारच्या, आधी झटका येऊन गेलेल्या माणसांपुरती उरली.

दुसरा आक्षेप जलतरणपटू डेना व्होल्मरच्या कथेवर घेतला जातो. 2003मध्ये, पंधराव्या वर्षी, या अमेरिकी मुलीच्या अतिवेगवान ठोक्यांवर शस्त्रक्रिया झाली. पाठोपाठ लाँग क्यूटीचीही शक्यता सांगण्यात आली. छातीत यंत्र बसवण्याऐवजी घरच्यांनी सुटसुटीत डिफिब्रिलेटर घेतला आणि तिची आई तो तलावाकाठी घेऊन बसू लागली. 2004मध्ये अथेन्सला ती 4 गुणिले 200 मीटर रिलेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चमूत होती, 7:53.42 ही त्यांची वेळ पूर्व जर्मनीचा 1987पासूनचा विक्रम मोडणारी ठरली. 2012मध्ये लंडनला तिने 100 मीटर बटरफ्लाय 55.98 सेकंदांत पार केलं. 56 सेकंदांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. एका विजेतीवरून काही सिद्ध होत नाही, असं टीकाकार म्हणतात. बरोबरच आहे; तिचं निदानही शक्यतेच्याच पातळीवरचं होतं. तिची गोष्ट पुरावा म्हणून वापरूच नये. ती दाखवते ते एवढंच, की बंदीखेरीज दुसरी वाटही होती आणि एका कुटुंबाने ती डोळे उघडे ठेवून धरली. आधी झटका आलेल्यांवर 2015मध्ये ठेवलेली बंदी मात्र मला योग्य वाटते. त्यांच्यातल्या किती जणांना उपचाराखाली सुखरूप पोहता येतं, हे त्या 130 जणांच्या हिशेबातून कळत नाही.