मध्यरात्रीचे टपाल

हिंदुस्थानच्या नकाशावर मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत एक दोरा ताणून धरावा आणि दुसरा दिल्लीपासून मद्रासपर्यंत. हे दोन दोरे एकमेकांस जेथे छेदतात, ते स्थळ नागपूर होय. पहिल्या दोऱ्याचा पूर्वेकडील भाग नागपूर सोडताच भंडारा शहराच्या अगदी जवळून वैनगंगा ओलांडून जातो. भूगोलातील या साध्या योगाचा उपयोग १९४९ साली टपालासाठी करण्यात आला.

आकाशमार्गे नागपुराहून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर आहे. मुंबईहून कलकत्त्यास थेट गेले काय किंवा नागपुरास उतरून गेले काय, अंतरात फारसा भेद पडत नाही.

लोहमार्गाची गोष्ट निराळी. तो १८६७ साली मुंबईहून नागपुरास पोहोचला; पुढे भंडारा जिल्ह्यातून छत्तीसगडाकडे वाढत गेला. मुंबई ते हावडा हा मार्ग १,९६८ किलोमीटरांचा आहे. म्हणजे विमानाने अंतर वाचते ते तीनशे किलोमीटरांच्या आसपास. खरी बचत वेळेची होती. आगगाडीस जेथे दीड दिवस लागे, तेथे ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या डाकोटा विमानास उड्डाणाचे सहा-सात तास पुरत. नागपूर ते भंडारा ही वाट तर ते पाव तासाच्या आत आक्रमी.

३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपल्या शहरी परत जाई. चार शहरांना परस्परांशी थेट जोडावयाचे तर सहा मार्ग लागतात; नागपुरामुळे ते काम चार मार्गांत भागले.

या योजनेचे मोल विमानाच्या वेगापेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीत आहे. विमानाचे तिकीट काढण्याची ऐपत त्या काळी फार थोड्यांची होती. परंतु १ एप्रिल १९४९ पासून, जेथे वेळ वाचत असेल तेथे, देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. ज्याने विमान केवळ आकाशात पाहिले होते, त्याचे पत्रही आता उडू लागले. नोकरीचा हुकूम, आजाऱ्याची खबर, मुलीच्या सासरचे क्षेमकुशल, यांस श्रीमंताच्या व्यवहारपत्राइतकाच वेग लाभला.

या सोयीची किंमतही चुकवावी लागली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपुराहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. तेरा जण मृत्यू पावले. एकटा वैमानिक वाचला. तरीही टपालाचा क्रम पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

कालांतराने जेट विमाने आली, शहरे थेट जोडली गेली आणि मध्यरात्रीच्या त्या भेटीचे प्रयोजन उरले नाही. दोन शहरांतील अंतर आहे तेवढेच राहिले. परंतु ते ओलांडण्याची सोय ज्या दिवशी साध्या लिफाफ्याच्या वाट्यास आली, त्या दिवशी ते सामान्य माणसापुरते खरोखर कमी झाले.