बाद फेरीतील फॅन्टसी क्रिकेट

प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडायचा आणि त्यांनी मैदानात जे केले त्यावर गुण मोजायचे, या खेळाचा स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात खेळला जाणारा प्रकार. खेळ मूळचा अमेरिकी बेसबॉलचा. भारतात तो मुख्यतः क्रिकेटवर खेळला जातो आणि त्याचा सर्वाधिक गजबजलेला काळ म्हणजे आयपीएलचे शेवटचे चार सामने. साखळी संपली तरी नियम तेच राहतात, खेळाची प्रकृती मात्र पालटते. साखळीत अभ्यासाला फळ येण्याइतके सामने असतात, बाद फेरीत ते नसतात. भारतीय न्यायालयांत या खेळावर जो वाद झाला, त्याचा गाभाही हाच आहे.

पूर्वपीठिका : डॅनियल ओक्रेंट या अमेरिकी लेखकाने 1980 मध्ये मित्रांसह सुरू केलेली ‘रोटिसरी लीग’ ही आधुनिक फॅन्टसी बेसबॉलची सुरुवात मानली जाते. ज्या फ्रेंच उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याचे नाव लीगला मिळाले. तिथे संघ पूर्ण हंगामासाठी निवडला जाई. बेसबॉलच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. एखाद्या फलंदाजाचा आठवडा वाईट गेला तरी सप्टेंबरपर्यंत त्याची खरी कुवत आकड्यांत उतरते. अमेरिकेत ‘प्ले-ऑफ’ हा शब्द या खेळात दोन अर्थांनी चालतो. मित्रमंडळींच्या लीगची स्वतःची बाद फेरी नियमित हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत उरकली जाते, आणि ऑक्टोबरमधल्या खऱ्या बाद फेरीवर स्वतंत्र डाव मांडला जातो. या दुसऱ्या डावात खेळाडू किती चांगला, याइतकाच त्याचा संघ किती दिवस टिकेल हा प्रश्न मोलाचा ठरतो. 2022 पासून 12 संघ बाद फेरीत येतात. वाइल्ड कार्ड फेरीपासून सुरुवात करणारा संघ जास्तीत जास्त 22 सामने खेळू शकतो. ती फेरी माफ असलेला वरच्या क्रमांकाचा संघ 19 पेक्षा जास्त खेळूच शकत नाही.

भारतात फॅन्टसी क्रिकेटचे सर्वांत मोठे घर मुंबईत उभे राहिले. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी 2008 मध्ये, म्हणजे आयपीएल सुरू झाली त्याच वर्षी, ड्रीम11 ची स्थापना केली. पूर्ण हंगामाचा खेळ इथे रुजला नाही. रोजच्या सामन्यावर प्रवेश शुल्क भरून खेळायचा एका सामन्यापुरता प्रकार मात्र झपाट्याने पसरला. 2020 च्या आयपीएलचे शीर्षक प्रायोजकत्व याच कंपनीने 222 कोटी रुपयांना घेतले. खेळाच्या स्वरूपातल्या या बदलाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही. हंगामाचा खेळ एका संध्याकाळचा झाला, तेव्हा बाद फेरीतली अनिश्चितता वर्षाच्या प्रत्येक सामन्यात शिरली.

संघ लावणे : खेळणारे ‘टीम लावली’ असे म्हणतात. रूढ पद्धतीत दोन्ही संघांतून मिळून 11 खेळाडू घ्यायचे, प्रत्येकावर क्रेडिटची किंमत असते आणि एकूण क्रेडिट 100 च्या आत बसवायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. कोणतेही बंधन नसते तर 22 जणांतून 11 निवडण्याचे 7,05,432 मार्ग निघतात, आणि तेच 11 खेळाडू ठेवून कर्णधार-उपकर्णधाराच्या 110 जोड्या लावता येतात. म्हणून दोघांचे अकराच्या अकरा खेळाडू सारखे असले, तरी एकाचा क्रमांक वर आणि दुसऱ्याचा तळाला, हे नेहमीचेच. निकाल विचारणारा आधी ‘कॅप्टन चालला का?’ असेच विचारतो.

खरी लगबग सातला नाणेफेक झाल्यापासून साडेसातच्या पहिल्या चेंडूपर्यंतची. तोवर लावलेली टीम अंदाजाची असते, अंतिम अकरा जाहीर झाले की तिची मोडतोड सुरू होते. 2023 मध्ये आलेल्या, सामन्यात एक खेळाडू बदलू देणाऱ्या इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमाने हा अर्धा तास आणखी अवघड केला. 2025 मध्ये मुंबई इंडियन्सने आधी क्षेत्ररक्षण घेतले की रोहित शर्माचे नाव बऱ्याचदा पहिल्या अकरात नसे, बदली खेळाडूंच्या यादीत असे. घाईत यादी वाचणारा त्याला वगळून मोकळा होई आणि दीड तासाने रोहित सलामीला उतरलेला पाही.

चार सामन्यांचे गणित : 2011 पासून आयपीएलची बाद फेरी क्वालिफायर 1, एलिमिनेटर, क्वालिफायर 2 आणि अंतिम सामना अशी असते. या रचनेत एक विसंगती दडलेली आहे. पूर्ण बाद फेरीसाठी एकच संघ लावायचा असेल, तर सर्वांत बलवान संघाचे खेळाडू घेणे नेहमी फायद्याचे नसते. क्वालिफायर 1 जिंकणारा संघ एकूण दोनच सामने खेळतो. तो सामना हरून मग क्वालिफायर 2 जिंकणारा संघ तीन खेळतो, आणि एलिमिनेटरमधून वर चढणारा संघही तीन. 2025 मध्ये विजेत्या रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूच्या वाट्याला दोन सामने आले, उपविजेत्या पंजाब किंग्जच्या वाट्याला तीन. एलिमिनेटरमध्येच बाद झालेल्या गुजरात टायटन्सचे सगळे खेळाडू एका रात्रीत निकामी झाले.

त्या हंगामातला पंजाबचा कर्णधार, मुंबईचा श्रेयस अय्यर, याचे आकडे जवळून पाहिले की बाद फेरीचा स्वभाव लख्ख दिसतो. साखळीच्या 14 सामन्यांत त्याने 514 धावा केल्या, सामन्यामागे जवळपास 37. इतक्या सातत्याच्या खेळाडूला कर्णधार करणे हा कुणीही अभ्यासू माणूस घेईल असा निर्णय. 29 मे रोजी क्वालिफायर 1 मध्ये त्याने 2 धावा केल्या. 1 जूनला अहमदाबादेत पावसाने लांबलेल्या क्वालिफायर 2 मध्ये त्याच्या 41 चेंडूंत नाबाद 87 धावा झाल्या आणि मुंबई इंडियन्सचे आव्हान संपले. 3 जूनच्या अंतिम सामन्यात तो 1 धाव काढून बाद झाला, झेल अमरावतीच्या जितेश शर्माने घेतला. धावेला एक गुण धरून नुसत्या धावांचे गुण मोजले, तरी त्याला कर्णधार करणाऱ्याला अनुक्रमे 4, 174 आणि 2 गुण मिळाले असते. निर्णय तिन्ही वेळा एकच आणि त्यामागचा अभ्यासही एकच. साखळीत असे चढउतार 14 सामन्यांत मुरून जातात, बाद फेरीत ते जिथल्या तिथे हिशेबात येतात.

त्याच बाद फेरीच्या एलिमिनेटरमध्ये रोहित शर्माने 81 धावा केल्या, पण सुरुवातीलाच त्याचे दोन झेल सुटले होते. त्याला घेणाऱ्याच्या गुणांत त्या सुटलेल्या झेलांचा वाटा मोठा होता. स्पर्धा मध्येच थांबून 17 मे रोजी पुन्हा सुरू झाल्याने परदेशी खेळाडूंचीही उलथापालथ झाली. गुजरातचा जोस बटलर राष्ट्रीय संघाकडे निघून गेला आणि मुंबईकडून एलिमिनेटरमध्ये जॉनी बेअरस्टो उतरला. साखळीचे आकडे पाठ असलेल्यांना बेअरस्टोबद्दल त्या आकड्यांतून काहीच कळणार नव्हते. त्याने 22 चेंडूंत 47 धावा केल्या.

कौशल्य की नशीब : पैसे लावून खेळलेला हा खेळ जुगार ठरतो का, हे ज्या कायद्यावर अवलंबून होते तो महाराष्ट्र आणि गुजरातेत मुळात एकच आहे. बारडोली हे सुरत जिल्ह्यातले तालुक्याचे गाव 1928 च्या सत्याग्रहाने देशाला माहीत झाले. तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबार-जळगावकडे जाते, आणि याच वाटेने खानदेशातली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या कापड गिरण्यांत व बारडोली भागातल्या ऊसतोडणीला येत राहिली आहेत.  या मार्गावर राज्याची हद्द ओलांडली तरी जुगाराचा मूळ कायदा बदलत नाही. 1960 च्या 1 मेपर्यंत बारडोलीही मुंबई राज्यातच होती आणि 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम विभाजनानंतर दोन्ही राज्यांनी आपापल्या नावाने चालू ठेवला. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातले कलम 13 जुगारातून वगळते. फॅन्टसी खेळांचा सारा बचाव या सवलतीच्या आणि तिच्या न्यायालयीन अर्थाच्या आधारावर उभा राहिला.

तो अर्थ शब्दकोड्यांच्या निमित्ताने ठरला होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांची बक्षिसांची शब्दकोडी म्हैसूर राज्यातून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून मुंबई राज्यात पोचत. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुगारात काढली, पण ज्या स्पर्धेचे यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, हेही त्याच निकालांतून पक्के झाले. 1996 च्या के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यती याच कसोटीवर कौशल्याच्या ठरल्या. पुढे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये वरुण गुंबर खटल्यात आणि मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2019 रोजी गुरदीपसिंग सच्चर खटल्यात ड्रीम11 च्या खेळाला कौशल्याचा खेळ मानले. मुंबईच्या निकालाला पुढे सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली.

या निकालांमागचे तर्कशास्त्र हंगामाच्या खेळाला चपखल बसते. खेळाडूची लय, खेळपट्टी, प्रतिस्पर्धी गोलंदाज यांचा विचार करणारा माणूस पुष्कळ सामन्यांत न करणाऱ्याच्या पुढे राहतो, यात शंका नाही. परंतु ‘पुष्कळ सामने’ ही त्या कौशल्याची अटच आहे. एका संध्याकाळच्या एका सामन्यात, त्यातही कर्णधाराच्या दुप्पट गुणांमुळे, नशिबाचा वाटा इतका फुगतो की अभ्यासू आणि अनभ्यस्त यांत फरक उरतोच असे नाही. नेमक्या अशाच सामन्यांवर, बाद फेरीच्या रात्री, बक्षिसांच्या मोठ्या रकमांची जाहिरात सर्वांत जोरात होत असे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ती रक्कम दाखवून त्याच्याकडून शुल्क घेणे आणि त्याला कौशल्याची परीक्षा म्हणणे योग्य नव्हते.

2023 नंतर : 1 ऑक्टोबर 2023 पासून अशा खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा भेदच या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ पुरवणे हा गुन्हा झाला, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा तत्काळ थांबवल्या. भारतीय संघाच्या जर्सीसाठी 2023 मध्ये झालेला तिचा 358 कोटींचा करारही मुदतीआधी संपला.

विनामूल्य खेळावर बंदी नाही. महाविद्यालयाच्या वसतिगृहांत, कार्यालयांत, नातेवाइकांच्या गटांत तो खेळला जातो आणि पैसा निघून गेल्यावर त्यातला क्रिकेटचा अभ्यास उलट अधिक उठून दिसतो. घरगुती लीगमध्ये बाद फेरीचे चार सामने वेगवेगळे न धरता एकत्र मोजणे, कर्णधाराला दुपटीऐवजी दीडपट गुण देणे आणि साखळीतले गुण काही प्रमाणात पुढे नेणे, या तीन दुरुस्त्यांनी नशिबाचे पारडे बरेच हलके करता येते. बाद झालेल्या संघाचा खेळाडू बदलण्याची मुभा प्रत्येक सामन्यानंतर ठेवावी. नाहीतर एलिमिनेटरच्या रात्रीच अर्ध्या लोकांचा खेळ संपतो आणि अंतिम सामन्याला आपला एकही खेळाडू मैदानात नाही, अशी वेळ येते.