ज्यू निर्वासितांची व्यक्तिगत कागदपत्रे : मुंबई इलाखा (१९३३–१९४८)

नाझी छळातून निसटून मुंबई इलाख्यात आलेल्या मध्य युरोपीय ज्यूंची पत्रे, आठवणी, छायाचित्रे, पासपोर्ट आणि उतारवयातल्या मुलाखती. हा संग्रह एका कपाटात नाही. तो अनेक देशांत विखुरलेला आहे. ठाण्यातल्या माजिवडा किंवा टेंभी नाक्याच्या वाचकाला ज्यू म्हटले की १८७९ सालचे शाअर हाशामाइम हे प्रार्थनास्थळ आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल शेजारी आठवतात. हे निर्वासित त्यांच्यापैकी नव्हते. ते जर्मनभाषक, बहुधा शहरी, त्यांत डॉक्टर, संगीतकार, चित्रकार, व्यापारी. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. संगीतकार वॉल्टर कौफमन त्याच वर्षी आले आणि १९४६ पर्यंत इथे राहिले. आकाशवाणीची संकेतधून त्यांचीच मानली जाते. प्रागहून आलेले लेखक विली हास यांनी मुंबईत चित्रपटांसाठी लेखन केले आणि १९५७ मध्ये जर्मनमध्ये आठवणी छापल्या.

या मंडळींचा इतिहास केवळ सरकारी फायलींवरून लिहिला तर तो मुळातच चुकतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पासपोर्ट बाळगणारा प्रत्येक जण ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ठरला, आणि अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थक व नाझींपासून पळालेले एकाच कुंपणात आले. सरकारने नेमलेल्या डार्लिंग समितीने चौकशी करून अनेकांना सोडले, तरी पुढे काही कुटुंबांना पुरंदरावर जर्मन मिशनऱ्यांच्या शेजारी नजरकैदेत राहावे लागले. दिल्लीच्या फायलीत हे लोक जर्मन राहिले. बर्लिनने मात्र २५ नोव्हेंबर १९४१च्या आदेशाने देशाबाहेरच्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते. एकाच माणसाबद्दल दोन सरकारे परस्परविरुद्ध गोष्टी लिहीत असताना खरे काय, हे त्याच्या पत्रांतच सापडण्याची शक्यता. नावांचीही अशीच गत. जानेवारी १९३९ पासून जर्मन ज्यू पुरुषाच्या नावात ‘इस्राएल’ आणि स्त्रीच्या नावात ‘सारा’ सक्तीने घातले गेले. कोकणातला बेने इस्राएल जे नाव अभिमानाने मिरवतो तेच इथे डाग म्हणून ठोकलेले आहे. सूची करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो पाहुण्याला घरचा समजून बसेल.

यावर पहिला आक्षेप असा, की जे मुंबईत पोचले ते वाचले; मग त्यांची कागदपत्रे होलोकॉस्टच्या दप्तरात कशाला? संहार छावण्यांपुरता मोजला तर आक्षेप रास्त आहे. पण छळ १९३३ पासून सुरू होता, आणि पळालेल्यांचे आईवडील बहुधा मागेच राहिले होते. युद्धकाळात त्यांच्याशी संपर्काचा एक मार्ग म्हणजे रेडक्रॉसचा पंचवीस शब्दांचा निरोप. त्यात बातमी जवळपास नसतेच. कोण अजून लिहितो आहे आणि कोणाचे लिहिणे थांबले, एवढेच कळते. संहार दुरून कसा जाणवला याचा यापेक्षा थेट पुरावा क्वचितच मिळेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शोआ फाउंडेशनने १९९४ पासून संहारातून वाचलेल्यांच्या आणि साक्षीदारांच्या सुमारे बावन्न हजार मुलाखती ध्वनिचित्रित केल्या. अर्धे शतक उलटल्यावर सांगितलेल्या आठवणीत तारखा सरकतात, ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. हे मान्यच करावे लागते. म्हणूनच समकालीन कागद आधी आणि मुलाखत मागाहून, असा क्रम ठेवावा. वॉर्सा घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि सहकाऱ्यांनी घटना घडत असतानाच टिपणे जमवून धातूच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरली. १९४६ आणि १९५० मध्ये ती सापडली. मुंबईतल्या निर्वासितांवर असा जीवघेणा प्रसंग नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी असे दप्तर उभे केले नाही. पत्रे त्यांच्या सामानातून लंडन, न्यूयॉर्क, इस्राएलकडे गेली. न्यूयॉर्कची १९५५ मध्ये स्थापन झालेली लिओ बेक इन्स्टिट्यूट जर्मनभाषक ज्यूंच्या अशाच घरगुती कागदांचे मोठे भांडार आहे. पोलिसी शेरे मात्र भारतीय अभिलेखागारांत उरले. फाळणीच अशी झाली, की संशय इथे आणि स्पष्टीकरण तिथे.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीची (१९४३–१९४८) कागदपत्रे या नोंदीत मोडत नाहीत, जरी मराठी लेखनात दोन्हींची गल्लत होते. तिथले सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, स्टालिनच्या हद्दपारीतून आले होते आणि बहुतांश कॅथलिक होते. तरी तुलना उपयोगी पडते. वळिवडेकरांनी परदेशात संघटना बांधली, आठवणी आणि दस्तऐवज एकत्र छापले, कोल्हापुरात स्मृतिस्तंभ उभारला. ते एका वस्तीत, एका भाषेत, पाच वर्षे एकत्र राहिले होते. मुंबईचे ज्यू निर्वासित मात्र भाड्याच्या खोल्यांत पांगलेले, काही बर्लिनचे, काही व्हिएन्नाचे, काही प्रागचे. त्यांची ‘आम्ही’ म्हणण्याची सवय फक्त नजरकैदेच्या यादीत दिसते, आणि ती यादी त्यांनी केलेली नव्हती.